चाळिशीनंतर पळायला सुरुवात करताना नाडी कशी मोजावी आणि त्या आकड्याचे काय करावे

पुण्यातील तळजाई किंवा वेताळ टेकडीवर नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे गेल्यास नवे बूट, नवा टी-शर्ट आणि मनगटावर नवे घड्याळ अशी पंचेचाळीस ते पन्नाशीची बरीच मंडळी दिसतात. पहिल्या पाचशे मीटरांतच त्यांच्या घड्याळावर १६५ चा आकडा तांबड्या रंगात झळकू लागतो. काही जण तो पाहून घाबरतात आणि दुसऱ्या दिवसापासून येत नाहीत. काही जण त्यालाच पराक्रम समजून आणखी जोर लावतात आणि तीन आठवड्यांत पोटरी किंवा गुडघा धरून बसतात. मी स्वतः दुसऱ्या गटात दोन महिने काढले आहेत. आकडा कशाच्या तुलनेत वाचायचा हे या दोन्ही गटांनी आधी ठरवलेले नसते, आणि ते ठरवण्याचे काम पळायला लागण्यापूर्वी आठवडाभर घरी बसूनच करावे लागते.

आधी डॉक्टरांकडे

ज्यांचे वय चाळीसच्या पुढे आहे आणि ज्यांनी गेल्या काही वर्षांत नियमित व्यायाम केलेला नाही, त्यांनी घड्याळ विकत घेण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची भेट घ्यावी. भारतीयांमध्ये हृदयविकार पाश्चात्त्य देशांतील लोकांच्या तुलनेत काही वर्षे लवकर गाठतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि घरातील कोणाला कमी वयात आलेला हृदयविकाराचा झटका या पाच गोष्टी डॉक्टरांना न विचारता सांगाव्यात. त्यावरून ईसीजी पुरेसा आहे, की टू-डी इको किंवा ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून घ्यायची, हे त्यांना ठरवू द्यावे. स्ट्रेस टेस्ट चांगली आली म्हणजे रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत असा मात्र अर्थ होत नाही. रक्ताचा प्रवाह अडवण्याइतका मोठा अडथळा असेल तर तो त्या चाचणीत सहसा दिसतो. लहान अडथळा निसटू शकतो, आणि लहान अडथळाही फुटून घात करू शकतो. त्यामुळे चाचणीचा कागद हातात असला तरी पुढे सांगितलेली लक्षणे विसरून चालत नाही.

याच भेटीत चालू औषधांची नावे दाखवावीत. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारखी बीटा-ब्लॉकर गटातील औषधे आपल्याकडे रक्तदाबासाठी सर्रास दिली जातात, आणि प्रोप्रानोलॉल तर अर्धशिशी किंवा हाताच्या कंपासाठीही दिले जाते. ही औषधे नाडी मुद्दाम कमी ठेवतात. ती घेणाऱ्या माणसाची नाडी पूर्ण दम लागेपर्यंत पळूनही १३० च्या पुढे न जाण्याची शक्यता असते, म्हणून वयावर आधारलेली कोणतीही सूत्रे त्याला लागू पडत नाहीत. डिल्टियाझेम आणि वेरापामिल या औषधांचाही नाडीवर असाच परिणाम होतो. अशा वाचकांनी आकड्यांचा भाग सोडून द्यावा आणि पुढे दिलेल्या बोलण्याच्या कसोटीवरच चालावे. आकडा जमत नाही म्हणून गोळी मनाने थांबवणे किंवा तिची वेळ बदलणे धोक्याचे आहे.

बोटांनी नाडी मोजण्याची सवय

एक आठवडाभर रोज सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी आणि अर्थातच चहापूर्वी, नाडी मोजावी. तळहात वर करून अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधले बोट हलके टेकवावे. मोजण्यासाठी अंगठा वापरू नये, कारण अंगठ्याला स्वतःची ठळक नाडी असते आणि मोजदाद चुकते. गजराने जाग आली असेल तर दोन मिनिटे शांत पडून राहावे आणि मग पूर्ण साठ सेकंद ठोके मोजावेत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची पद्धत सोपी आहे, पण तिच्यात एक ठोका चुकला तर हिशेबात चार चुकतात. सात दिवसांचे आकडे वहीत लिहून त्यांची सरासरी काढावी. ही आपली विश्रांतीतील नाडी, आणि पुढचा सगळा हिशेब हिच्यावर उभा राहतो.

प्रौढ माणसात हा आकडा ६० ते १०० च्या दरम्यान सर्वसाधारण मानला जातो. दीर्घकाळ पळणाऱ्यांचा तो ५० च्या आसपास किंवा त्याहूनही खाली असू शकतो. आपली सरासरी सतत ९० च्या वर येत असेल तर पळणे थोडे पुढे ढकलून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की, ‘माझा स्टॅमिनाच नाही’ असे म्हणणाऱ्या कित्येकींच्या बाबतीत खरी अडचण लोहाची असते. ठोके मोजताना त्यांच्यातील अंतर अगदीच वेडेवाकडे वाटले, म्हणजे दोन लवकर, एक उशिरा, मग पुन्हा घाईने असे वाटले, तर तेही डॉक्टरांना सांगावे. श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होणे मात्र निरोगी आहे.

घड्याळ असताना बोटांनी कशाला मोजायचे, असा प्रश्न साहजिक आहे. घड्याळ चुकते तेव्हा ते चुकले हे ओळखण्याचे दुसरे साधन हाताशी असावे लागते, आणि घड्याळ किती वेळा चुकते ते पुढे येईलच.

कमाल नाडी आणि तिच्याभोवतीचे गैरसमज

कमाल नाडी, म्हणजे पूर्ण जोर लावल्यावर नाडी जास्तीत जास्त जिथवर चढते तो आकडा, काढण्यासाठी २२० मधून वय वजा करावे, हे सूत्र व्यायामशाळेच्या भिंतीपासून घड्याळाच्या पोटापर्यंत सगळीकडे पोहोचले आहे. सॅम्युएल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल या अमेरिकन संशोधकांनी १९७० च्या सुमारास आधीच्या काही अभ्यासांतील आकडे एकत्र करून काढलेली ती एक ढोबळ रेषा होती. २००१ मध्ये हिरोफुमी तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्रित विचार करून दुसरे सूत्र सुचवले: वयाला ०.७ ने गुणावे आणि तो आकडा २०८ मधून वजा करावा. गंमत अशी की चाळिसाव्या वर्षी दोन्ही सूत्रांचे उत्तर १८० असेच येते, आणि त्यानंतर ती एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. साठाव्या वर्षी जुने सूत्र १६० सांगते, तर नवे १६६. म्हणून या लेखाच्या वाचकांनी नवे सूत्र वापरणे इष्ट.

तरीही ही सरासरी आहे, आणि सरासरी म्हणजे आपण नव्हे. एकाच वयाच्या तीन माणसांपैकी साधारण एकाची प्रत्यक्ष कमाल नाडी सूत्राच्या उत्तरापेक्षा दहाहून अधिक ठोक्यांनी वर किंवा खाली असते, आणि त्यात आजार किंवा दोष काहीही नसतो. सूत्राने १७४ सांगितलेल्या माणसाची कमाल नाडी १६२ असू शकते किंवा १८८ सुद्धा. टेकडीवर जीव खाऊन धावत जाऊन आपली ‘खरी’ कमाल शोधण्याचे प्रयोग इंटरनेटवर सुचवलेले असतात. नवशिक्या मध्यमवयीन माणसाने ते करू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्ट्रेस टेस्ट झाली असेल तर तिच्या कागदावर त्या वेळी गाठलेली सर्वाधिक नाडी छापलेली असते. चाचणी दम संपल्यामुळे थांबवली असेल तर तो आकडा आपल्या कमाल नाडीच्या बऱ्यापैकी जवळ असतो. ठरलेले लक्ष्य गाठले म्हणून आधीच थांबवली असेल तर नसतो.

आपला स्वतःचा नाडीचा पट्टा काढणे

फिनलंडमधील मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये मांडलेली पद्धत येथे उपयोगी पडते. कमाल नाडीतून विश्रांतीतील नाडी वजा केली की हृदयाकडे वाढण्यासाठी किती ठोके शिल्लक आहेत ते कळते. या शिलकीचा ठरावीक हिस्सा काढून त्यात विश्रांतीतील नाडी परत मिळवायची.

समजा वय ४८ आहे आणि सकाळची सरासरी ७२ आहे. तनाकांच्या सूत्राने कमाल नाडी सुमारे १७४. १७४ वजा ७२ म्हणजे शिल्लक १०२. तिचे ५० टक्के ५१, त्यात ७२ मिळवले की १२३. तिचे ७० टक्के साधारण ७१, त्यात ७२ मिळवले की १४३. म्हणजे या व्यक्तीने पहिले तीन महिने आपला बहुतेक व्यायाम १२३ ते १४३ या पट्ट्यात ठेवावा, आणि त्यातही १३३ च्या आसपास अधिक वेळ राहावे.

आता हाच हिशेब बरीच घड्याळे मूळ सेटिंगमध्ये कशी करतात ते पाहा. २२० वजा ४८ म्हणजे १७२, आणि ‘झोन २’, म्हणजे घड्याळाच्या भाषेत हलक्या श्रमाचा पट्टा, म्हणजे त्याचे थेट ६० ते ७० टक्के, अर्थात १०३ ते १२०. नवशिक्याची नाडी भरभर चालतानाच ११५ ला पोहोचते, त्यामुळे पळण्याचे पहिले पाऊल टाकताच तो झोन २ च्या बाहेर फेकला जातो आणि घड्याळ कंपने देऊन ओरडू लागते. ‘झोन २ मध्ये पळताच येत नाही’ ही धावपटूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला येणारी तक्रार बहुतांशी या सेटिंगची आहे. घड्याळाच्या ॲपमध्ये हार्ट रेट झोनच्या जागी जाऊन कमाल आणि विश्रांतीतील नाडी स्वतः भरावी, आणि ‘हार्ट रेट रिझर्व्ह’ (म्हणजे वर काढलेली शिल्लक) असा पर्याय असेल तर तो निवडावा.

मनगट की छाती

मनगटावरचे घड्याळ त्वचेत हिरवा प्रकाश सोडते. रक्त हा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटात रक्ताची लाट आली की परत येणारा प्रकाश कमी होतो, आणि या चढउतारावरून घड्याळ ठोके मोजते. माणूस बसलेला असतो तेव्हा हे काम उत्तम चालते. पळताना हात हलतो, घड्याळ त्वचेवर घसरते, आणि पावलांच्या ठेक्याने होणारी हालचालच घड्याळाला ठोके वाटू लागते. सामान्य धावक मिनिटाला साधारण १५० ते १७० पावले टाकतो, आणि घोटाळा असा की नेमका तोच आकडा नाडी म्हणूनही खरा वाटण्यासारखा असतो. माझ्या घड्याळाने एक संपूर्ण महिना मला १६४ ची नाडी दाखवली. शेवटी एकदा थांबून गळ्याशी बोटे लावून मोजले तर १४० भरली. १६४ ही माझी पावले होती.

ही चूक कमी करण्यासाठी घड्याळ मनगटाच्या हाडापासून कोपराकडे बोटभर वर सरकवावे, पळण्यापुरता पट्टा एक छिद्र घट्ट करावा, आणि तेथे गोंदण असेल तर दुसरा हात वापरावा. निघण्यापूर्वी पाच मिनिटे चालून मनगट गरम होऊ द्यावे, कारण थंड त्वचेत रक्त कमी असते आणि डिसेंबरच्या पहाटे पहिले वाचन हमखास बिघडते.

छातीला बांधायचा चेस्ट स्ट्रॅप हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, म्हणजे ईसीजीच्या तत्त्वावर चालतो, आणि म्हणून पळताना तो मनगटापेक्षा बराच विश्वासार्ह ठरतो. फिनलंडमधील पोलर कंपनीने १९८२ मध्ये पहिला बिनतारी हार्ट रेट मॉनिटर बाजारात आणला, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. पट्ट्याच्या आतील दोन पॅच बांधण्यापूर्वी पाण्याने ओले करावेत. कोरडे राहिले तर घाम येईपर्यंत आकडे उड्या मारतात. आपल्या हवेत घामाचे मीठ पॅचवर लवकर साचते, म्हणून दर वेळी साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावा. पैसे एकाच वस्तूवर खर्च करायचे असतील तर महागड्या घड्याळापेक्षा साधे घड्याळ आणि चांगला स्ट्रॅप ही जोडी मी सुचवेन. काहीच घ्यायचे नसेल तरी अडत नाही: थांबताक्षणी नाडी शोधून दहा सेकंद मोजावी आणि सहाने गुणावे. उशीर केल्यास आकडा खाली गेलेला असतो. गळ्याशी मोजताना एकाच बाजूला आणि हलकेच बोटे लावावीत. जोराने दाबल्यास नाडी मंदावून भोवळ येऊ शकते.

पहिले सहा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, तीस ते चाळीस मिनिटे राखून ठेवावीत. सुरुवातीची दहा मिनिटे फक्त चालावे, आधी सावकाश आणि मग भरभर. त्यानंतर एक मिनिट अगदी हळू पळावे आणि नाडी पट्ट्याच्या वरच्या टोकाला, आपल्या उदाहरणात १४३ ला, पोहोचली की चालायला लागावे. ती १२५ च्या खाली आली की पुन्हा पळावे. घड्याळ दहा ते वीस सेकंद मागून चालते, म्हणून १४० दिसले की थांबण्याची तयारी करावी. पहिल्या आठवड्यात पळण्याचे तुकडे एक-एक मिनिटाचे आणि चालण्याचे दोन-दोन मिनिटांचे होतील, आणि ते ठीक आहे. शेवटची पाच-सात मिनिटे पुन्हा चालावे. एकदम थांबून उभे राहिल्यास पायांत उतरलेले रक्त वर येण्यास उशीर होतो आणि चक्कर येते.

इतके हळू पळूनही नाडी एवढी का चढते, हे समजून घेतल्यास संयम टिकतो. शरीराला हवा असलेला प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदयाकडे दोनच उपाय असतात: एका ठोक्यात जास्त रक्त ढकलणे किंवा ठोके वाढवणे. सराव नसलेल्या हृदयाला पहिला उपाय फारसा जमत नाही, म्हणून ते दुसरा वापरते. काही आठवड्यांच्या नियमित सरावाने रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, हृदयाचा कप्पा अधिक भरतो, प्रत्येक ठोका अधिक काम करू लागतो आणि त्याच वेगाला नाडी खाली येते. ही सुधारणा मध्यम श्रमातही उत्तम होते. त्यासाठी धापा टाकण्याची गरज नाही.

आकड्याच्या जोडीला बोलण्याची कसोटी ठेवावी. पळताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत. एकटे असाल तर मनाचा एखादा श्लोक मोठ्याने म्हणून पाहावा: चार ओळींत प्रत्येक ओळीच्या शेवटीच श्वास घ्यावा लागत असेल तर वेग योग्य, ओळीच्या मध्येच तुटत असेल तर जास्त. घड्याळ आणि ही कसोटी यांत मतभेद झाला तर कसोटीचे ऐकावे. १५५ दाखवत असतानाही सलग आणि आरामात बोलता येत असेल, आणि बोटांनी मोजूनही तेवढीच नाडी येत असेल, तर आपली कमाल नाडी सूत्रापेक्षा वर असण्याचा संभव आहे; पट्टा पाच-सात ठोक्यांनी वर सरकवण्यास हरकत नाही.

हवा, चढ आणि झोप

एकाच वेगाने पळूनही वीस-पंचवीस मिनिटांनंतर नाडी हळूहळू वर सरकते. घामावाटे द्रव जातो, त्वचा थंड ठेवण्यासाठी रक्ताचा काही भाग तिकडे वळतो, एका ठोक्यात जाणारे रक्त घटते आणि ती उणीव ठोके वाढवून भरून काढली जाते. मुंबई किंवा रत्नागिरीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे हा परिणाम फार ठळक दिसतो. नागपूर-अकोल्याच्या एप्रिल-मे महिन्यांत सूर्योदयाआधी पळूनही नाडी हिवाळ्यापेक्षा दहा ठोके वर असणे स्वाभाविक आहे. अशा दिवसांत वेग कमी करून नाडी तीच ठेवावी. चढावरही हाच नियम: टेकडीच्या चढावर चालावे, सपाटीवर पळावे.

अपुरी झोप, आदल्या रात्रीचे मद्य, ताप येण्यापूर्वीची कणकण यांचा परिणाम सकाळच्या नाडीत दिसतो. ती आपल्या सरासरीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी वर असेल तर त्या दिवशी फक्त चालावे; सलग तीन दिवस तसे राहिले तर पूर्ण विश्रांती घ्यावी. ताप असताना पळू नये. विषाणूंच्या तापात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून पावसाळ्यातील डेंग्यू किंवा फ्लूनंतर डॉक्टरांना विचारूनच परतावे आणि परतताना पहिल्या आठवड्याच्या वेळापत्रकापासून सुरुवात करावी.

घड्याळ न पाहता थांबण्याचे प्रसंग

छातीत दाब, आवळल्यासारखे किंवा जळजळ वाटणे, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणे, श्रमाच्या मानाने अवास्तव धाप, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा एकाएकी फडफडणारी अनियमित नाडी यांपैकी काहीही जाणवले तर त्याच ठिकाणी थांबून बसावे. नाडी तेव्हा १२० असली तरी फरक पडत नाही. आपल्याकडे ‘पित्त झाले असेल’ किंवा ‘गॅस अडकला’ म्हणून घरी जाऊन झोपण्याची रीत आहे, आणि तिच्यात मोलाचा वेळ जातो. मधुमेह्यांना दुखणे न जाणवता केवळ थकवा आणि धाप जाणवू शकते. स्त्रियांमध्येही लक्षणे अशी अस्पष्ट असण्याचे प्रमाण अधिक आहे. चार-पाच मिनिटांत बरे वाटले तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे, आणि न वाटल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. फोन आणि खिशात रक्तगट, औषधे व घरचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी पळताना नेहमी बाळगावी.

प्रगती कशी ओळखावी

पंधरा दिवसांतून एकदा त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, नाडी १३५ च्या आसपास राखून तीन किलोमीटर चालत-पळत पूर्ण करावेत आणि लागलेला वेळ वहीत लिहावा. त्याखाली त्या दिवशीची हवा आणि झोपही लिहावी. थांबल्यानंतर एका मिनिटात नाडी किती उतरते तेही नोंदवावे. सरावाबरोबर हा उतार वाढत जातो. त्याच नाडीला वेळ कमी लागू लागला की हृदय सुधारले असे समजावे, मग घड्याळातील ते ‘फिटनेस वय’ काहीही म्हणो. बहुतेकांना आठ ते दहा आठवड्यांत फरक दिसतो. विश्रांतीतील नाडी चार-पाच ठोक्यांनी उतरली की पट्ट्याचा हिशेब नव्याने करावा.

तीन महिन्यांनंतर एखाद्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालावेसे वाटेल. सुरुवातीच्या रेषेवर केवळ गर्दी आणि ढोलताशे यांमुळे नाडी ११० ला गेलेली असेल, हे आधीच धरून चालावे. पहिले दोन किलोमीटर सगळे पुढे निघून जात असतानाही नाडी आपल्या पट्ट्याच्या वरच्या टोकापलीकडे जाऊ देऊ नये. पुढेमागे मुंबईच्या जानेवारीतील अर्धमॅरेथॉनपर्यंत मजल गेली, तर पेडर रोडचा चढ लागेल. तेथे नाडी पट्ट्याबाहेर जाऊ लागताच रस्त्याच्या डाव्या कडेला येऊन चालायला लागावे, आणि माथ्यावर ती पुन्हा खाली आली की पळायला सुरुवात करावी.